मदत हवी आहे: रत्नागिरी, १३२ चौ. फूट खोली, १ टन की १.५ टन इन्व्हर्टर एसी (कॉम्प्रेसर बंद न करता त्याचा वेग कमी-जास्त करणारा)?

खोली १२ बाय ११, उंची १० फूट, वर थेट स्लॅब, पश्चिमेला चिऱ्याची भिंत आणि ४ बाय ४ ची खिडकी. माणसं दोन, वापर फक्त रात्री. सध्या १.५ टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला, स्प्लिट एसी आहे. मे महिन्यात तक्रार नाही. खरी रड पावसाळ्यात. बाहेर २७ अंश असताना पाच-सात मिनिटांत २५ गाठून कॉम्प्रेसर बंद होतो, पंखा मात्र चालूच, म्हणजे कॉइलवरचं पाणी परत खोलीत. आर्द्रता ७५ टक्क्यांखाली येत नाही, चादर दमट लागते.

फिल्टर-कॉइल धुतले, ड्रेन मोकळा आहे, पंखा लो ठेवला, दाराखालची फट बुजवली. ड्राय मोडमध्ये नुसता गारठा.

गच्चीवर पांढरा रंग लावायला सोसायटी तयार नाही. खारी हवा, म्हणून कॉइल तांब्याचीच हवी.

१ टन मेमधल्या तापलेल्या स्लॅबला पुरेल का? १.५ टनाच्या इन्व्हर्टरच्या स्टार लेबलवर पूर्ण आणि निम्मी क्षमता असते, किमान नाही, म्हणजे कॉम्प्रेसर न थांबता किती कमी क्षमतेवर चालू शकतो ते कळत नाही; आणि माझा प्रश्न नेमका तिथेच अडतो. किनारपट्टीवर इन्व्हर्टर वापरणाऱ्यांनी मॉडेलसकट सांगा: जुलैच्या रात्री तुमचा एसी न थांबता किती वॅटपर्यंत उतरतो, आणि तेव्हा आर्द्रता किती असते?