किल्लीच्या जुडग्याला लटकणारे कॅमेरे : तुमचे अनुभव

खारेदाणे
काल भाची आली, बॅगेला पिवळं काहीतरी लटकत होतं. मला वाटलं खोडरबर. तर तो कोडॅकचा चार्मेरा! वजन 30 ग्रॅम, 1.6 मेगापिक्सेल, दिसायला 1987च्या कोडॅक फ्लिंगसारखा, म्हणजे रोल संपला की कॅमेराच देऊन टाकायचा तो. डब्यात कुठला रंग निघेल ते घेताना कळत नाही म्हणे. तिने तो माझ्यावर रोखला आणि मी आपोआप श्वास धरून ताठ उभी! आमच्याकडे बाबांचा आग्फा क्लिक थ्री होता, रोलमध्ये 12च फोटो, त्यामुळे "हललात तर बघा" हा दम ठरलेला. तुमच्याकडे आहे का असलं काही? लिहा.

माळ्यावरचा
क्लिक थ्रीचं नाव काढलंत, आता माळा उपसणं आलं. चामड्याची केस होती, बटणं तुटलेली. बायको म्हणतेय आधी पंखे पूस.

दुपारचीझोप
पुतण्याने घेतलाय चार्मेरा, कार्ड वेगळं आणावं लागलं. फोटो मोबाईलवर बघितले तर सगळे आपले 2005चे वाटतात, आजीसुद्धा तरुण दिसतेय 😄

तिरकीरेघ
माझ्याकडे रोलीफ्लेक्सचा मिनिडिजी आहे, 2 मेगापिक्सेलवाला, मुठीत मावतो. एक फोटो काढला की बाजूची इवलीशी दांडी फिरवायची मग पुढचा, डिजिटलला काय गरज सांगा! पण मला तेवढंच आवडतं, कर्रकर्र करत बसतो. फोटो चौकोनी, आणि मान खाली घालून वरून बघायचं. चुलतबहिणीच्या लग्नात नेला तर सासऱ्यांना वाटलं अत्तरदाणी, त्यांनी झाकण उघडून हुंगला.

माळ्यावरचा
😂😂 मग?

तिरकीरेघ
मग काय, म्हणाले वास उडालाय.

वरणभात
खरं सांगू का, पैसे वाया. फोनमध्ये याच्या दसपट बरे येतात. मिनॉक्स कंपनीने लायका एम3 या जुन्या फिल्म कॅमेऱ्याचं डिजिटल पिल्लू काढलं होतं ते मात्र हवं होतं, 1954चा खरा काही या जन्मी परवडत नाही.

खारेदाणे
@वरणभात बरे येतात पण 300 काढून बघतं कोण? बाबांचे ते बारा अजून पाठ आहेत मला, सातव्यात आईचं डोकं कापलंय.

दुपारचीझोप
@तिरकीरेघ अत्तरदाणी चांदीची होती का हो तुमच्याकडे? आम्हाला साखरपुड्याला हवीय, पुण्यात कुठे मिळेल?

तिरकीरेघ
तुळशीबागेत बघा, नाहीतर माझा कॅमेरा घेऊन जा.