पिशवीचा व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा की बिनपिशवीचा?

प्रेषक: एक सभासद, रेडिंग

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आम्ही गेल्या महिन्यात भाड्याच्या फ्लॅटमधून स्वतःच्या घरात राहायला आलो. फ्लॅटमध्ये लाकडी फरशी असल्यामुळे केरसुणी आणि ओले फडके एवढ्यावर भागत होते. इथे मात्र जिन्यासकट सगळीकडे जाड कार्पेट आहे, आणि धाकट्या मुलाला धुळीची अ‍ॅलर्जी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. दुकानात बिनपिशवीचे यंत्र पुढे करतात, कारण त्याला पिशव्यांचा खर्च नाही. शेजारच्या ब्रिटिश आजी मात्र वर्षानुवर्षे हसऱ्या चेहऱ्याचा लाल ‘हेन्री’ हा पिशवीचा व्हॅक्यूम क्लीनर वापरत आहेत आणि पिशवीशिवाय दुसरे काही घेऊ नका, असे सांगतात. ज्यांनी दोन्ही प्रकार वापरले आहेत, त्यांनी कृपया अनुभव कळवावा.

प्रेषक: एक सभासद, मिल्टन कीन्स

नमस्कार.

घरभर कार्पेट आहे आणि मुलाला धुळीचा त्रास आहे, या दोन गोष्टींवरूनच मी तुम्हाला पिशवीचे यंत्र घ्यायला सांगेन. मी स्वतः आठ वर्षे बिनपिशवीचे यंत्र वापरले आणि मग ते सोडले.

त्या यंत्रामागची कल्पना अस्सल आहे, हे आधी मान्य करायला हवे. पिशवीची छिद्रे बारीक धुळीने बुजली की यंत्राची ओढ कमी होते, हे ब्रिटिश संशोधक जेम्स डायसन यांच्या 1978 च्या सुमारास लक्षात आले. लाकडाच्या गिरणीत हवा शंकूच्या आकाराच्या नळकांड्यात गरगर फिरवून भुसा वेगळा करतात. तेच तत्त्व घरगुती यंत्रात आणण्यासाठी त्यांनी 5,127 नमुने तयार केले, आणि 1993 मध्ये त्यांचे ‘डीसी01’ हे बिनपिशवीचे यंत्र ब्रिटनच्या बाजारात आले. फिरत्या हवेत जड कण बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि डब्यात पडतात. अगदी बारीक धूळ मात्र हवेबरोबर पुढे जाऊन फिल्टरवर बसते. म्हणजे पिशवी गेली तरी फिल्टर राहतोच, आणि तो धुतल्यावर खडखडीत वाळेपर्यंत, निदान एक दिवस तरी, यंत्र बाजूला ठेवावे लागते.

खरी अडचण डबा रिकामा करताना येते. आमच्याकडे हे काम मागच्या अंगणातल्या कचरापेटीजवळ होत असे. खटका दाबला की तळाचे झाकण उघडे, पण केर सुटून पडत नसे. केस आणि कार्पेटचे तंतू आतल्या जाळीभोवती नमद्यासारखे घट्ट बसलेले असत आणि ते बोटांनी ओढून काढावे लागत. ओढताच करड्या पिठासारखा धुरळा उठे, बाहीवर बसे आणि वाऱ्याच्या दिवशी थेट तोंडावर येई. कार्पेटमध्ये डस्ट माइट नावाचे सूक्ष्म जीव राहतात, आणि त्यांच्या विष्ठेचे कण हे धुळीच्या अ‍ॅलर्जीचे एक मुख्य कारण असते. तासभर राबून जे कण कार्पेटमधून ओढून काढले, तेच आपण पुन्हा नाकाजवळ उधळत होतो. आजच्या पिशव्या जुन्या कागदी पिशव्यांसारख्या नसतात. त्या कृत्रिम तंतूंच्या अनेक थरांच्या असतात, लवकर बुजत नाहीत, आणि पुष्कळ पिशव्यांचे तोंड बाहेर काढताना बंद करता येते. केर दिसतही नाही.

‘हेपा’ (अतिसूक्ष्म कण अडवणारा फिल्टर) हा शब्द खोक्यावर पाहून समाधान मानू नका. युरोपीय वर्गवारीतला एच13 फिल्टर पकडायला सर्वांत कठीण आकाराचे कणही 99.95 टक्के अडवतो, पण यंत्राच्या सांध्यांतून हवा निसटत असेल तर ती त्या फिल्टरपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून संपूर्ण यंत्र हवाबंद आहे का, हे विचारून घ्या. वॉटच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नका. युरोपीय नियमांनी 2014 मध्ये 1600 आणि 2017 मध्ये 900 वॉटची मर्यादा घातली, तरी चांगली यंत्रे उत्तम काम करतात.

खर्चाचे म्हणाल तर आम्हाला वर्षाला सहा-सात पिशव्या लागतात. मुलाच्या श्वासापुढे तो खर्च मला किरकोळ वाटतो.

प्रेषक: एक सभासद, हॅरो

वरील पत्र मोलाचे आहे, परंतु दुसरी बाजूही नोंदवतो. आमच्या घरी सर्वत्र टाइल्स आहेत, कोणालाही अ‍ॅलर्जी नाही, आणि बिनपिशवीचे यंत्र दहा वर्षे विनातक्रार चालले आहे. डबा पारदर्शक असल्याचा फायदा असा की मागच्या वर्षी सौभाग्यवतींच्या मंगळसूत्रातले काळे मणी ओघळले, ते सगळे आम्हाला डब्यात दिसले आणि परत मिळाले. पिशवी फाडून ते शोधणे जिवावर आले असते. डबा रिकामा करताना तो मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत पूर्ण घालून, पिशवीचे तोंड मनगटाभोवती आवळून मगच खटका दाबावा. धुरळा पुष्कळ कमी होतो.

प्रेषक: एक सभासद, रेडिंग

काका, काकू, दोघांचे मनापासून आभार. पिशवीचेच यंत्र घ्यायचे ठरवले आहे. एक शंका उरली आहे: दिवाळीत दारात रांगोळी काढतो, ती यंत्राने ओढून घेतली तर चालेल का?

प्रेषक: एक सभासद, मिल्टन कीन्स

रांगोळी यंत्रात जाऊ देऊ नका. ती दगडाची भुकटी असते; तिने आमच्या जुन्या यंत्राचा फिल्टर एका दिवाळीत पांढराफटक होऊन बुजला आणि पिशवीचेही आयुष्य ती अर्ध्यावर आणते. जाड पुठ्ठ्याने ती सुपलीत ओढून घ्या, उरलेली ओल्या फडक्याने टिपा, आणि कार्पेटवर सांडलेली तेवढीच यंत्राने काढून नंतर पिशवी बदला. पिशवी बदलायचे काम मुलाने करू नये, आणि व्हॅक्यूम चालू असताना व त्यानंतर थोडा वेळ त्याला दुसऱ्या खोलीत बसवावे, कारण ब्रशने उडालेली धूळ खाली बसायला वेळ लागतो.