मदत हवी आहे : घरात दोन मांजरं आहेत, कुठली झाडं ठेवू?

कोल्हापुरात राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. मोठी मांजर झाडांकडे बघत नाही, पण पाच महिन्यांचं पिल्लू दिसेल ते पान चावतं. हॉलला पूर्वेची खिडकी, सकाळी दोन तास ऊन. सध्या मनीप्लांट, लकी बांबू आणि कोरफड आहे. नर्सरीवाले म्हणतात, पाम किंवा फर्न न्या, काही होत नाही. काय ठेवू, काय काढू?

हिरवीपरडी :
नुसत्या 'पाम' आणि 'फर्न' या नावांवर जाऊ नका, घोटाळा तिथंच होतो. अरेका पाम खुशाल ठेवा. सागो पाम मात्र पाम नव्हेच, ते सायकस. सगळं झाड विषारी, बी सर्वांत जहाल, यकृत निकामी करतं. अरेकाच्या पिवळसर काड्या मातीतून झुबक्यानं येतात आणि पान मऊ असतं. सायकसचं खोड अननसासारखं खवल्यांचं, पानाचं टोक बोटाला टोचतं. हात लावून बघूनच घ्या.

बोस्टन फर्न चालतं, अ‍ॅस्परॅगस फर्न नको. ते शतावरीच्या जातीतलं आहे, मांजराला बाधतं. लकी बांबूसुद्धा बांबू नाही, ड्रसीना नावाचं मांजराला विषारी झाड आहे. तो आजच काढा. मनीप्लांटचं अळूसारखंच. पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, त्या टोचल्या की मांजर लाळ गाळतं आणि पंजानं तोंड घासत राहतं. सहसा जिवावर बेतत नाही, पण पिल्लाला त्रास भरपूर. कोरफडीनं उलट्या-जुलाब होतात.

तुमच्या खिडकीत अरेका आणि पेपरोमिया, थोडं आत कॅलेथिया. स्पायडर प्लांट टांगूनच लावा. तो विषारी नाही, पण मांजरं त्याच्यावर तुटून पडतात आणि जास्त खाल्लं की ओकतात.

कुंडीकाठी :
अरेकाला १० इंची कुंडी. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट. हाडांचा चुरा घालू नका, त्या वासानं मांजर कुंडी उकरतं आणि खातंसुद्धा. वर लिंबाएवढे गोटे पसरा; बारीक खडी पंज्यानं सहज बाजूला होते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं हवाच ओली, तेव्हा बोटाची दोन पेरं कोरडी लागल्याशिवाय पाणी नको. नाहीतर मुळं कुजतात आणि पान पिवळं पडलं की लोक आणखी पाणी घालतात!

हिरवीपरडी :
एक राहिलंच. वाढदिवसाच्या बुकेत लिली असेल तर तो घरातच आणू नका. खरी लिली मांजराची मूत्रपिंडं बंद पाडते. अंगावर पडलेले पराग चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी पुरतं. उलटीची वाट न बघता त्याच तासाला डॉक्टरांकडे न्या, सोबत झाडाचा फोटो. घरी मिठाचं पाणी पाजून ओकवू नका. पीस लिली वेगळी, ती मनीप्लांटच्या वर्गातली. तीही नकोच.

प्रश्नकर्ती :
लकी बांबू काढला. पण पिल्लाची चावायची सवय कशी मोडू?

कुंडीकाठी :
मोडू नका, त्याला त्याचं गवत द्या. घटाला पेरतो तसंच. मूठभर गहू आठ तास भिजवा, पसरट कुंडीत पसरा, वर अर्धा इंच माती. आठ-दहा दिवसांत बोटभर उंच झाले की पुढं ठेवा. दर आठवड्याला नवी कुंडी पेरलीत तर खंड पडत नाही. गहू डब्यातले खायचेच घ्या. बियाण्याच्या दुकानातले गुलाबी रंगाचे नको, त्यांना बुरशीनाशक चोळलेलं असतं.