उन्हातली स्वस्त परदेशवारी आणि सायकलचे कुलूप

प्रश्न : पायडलप्रेमी

नमस्कार.

हिवाळा सरता सरता, म्हणजे फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चची सुरुवात धरून, आम्हा दोघांना परदेशात कुठेतरी स्वच्छ उन्हात सुट्टी घालवायची आहे आणि त्यातला बराचसा वेळ सायकलवर काढायचा आहे. खर्च हाताबाहेर जाऊ नये म्हणून केवळ केबिन बॅगेचे तिकीट काढायचे आणि सायकली तिथेच भाड्याने घ्यायच्या, इतके ठरले आहे. कॅनरी बेटे, मायोर्का आणि सायप्रस ही तीन ठिकाणे डोळ्यांसमोर आहेत. या दिवसांत भरवशाचे ऊन नेमके कुठे मिळेल, पैसे कुठे वाचवता येतील आणि कुठे वाचवू नयेत, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

दुसरा प्रश्न कुलपाचा. भाड्याच्या सायकलीसोबत बऱ्याचदा बारीक केबलचे कुलूप मिळते असे ऐकून आहे, आणि त्याच्या भरवशावर सायकल बाहेर उभी करायला मन धजत नाही. इकडे माझी स्वतःची सायकल रोज दिवसभर रेल्वे स्थानकाबाहेर उभी असते आणि तिचेही कुलूप आता बदलायला झाले आहे. तेव्हा दोन्हीकडे चालेल असे एकच चांगले कुलूप घ्यावे, असा विचार आहे. यू-लॉक (इंग्रजी U आकाराचा पोलादी दांडा आणि त्याची टोके अडकवणारी आडवी पट्टी), साखळी आणि घडीचे कुलूप (सांध्यांनी जोडलेल्या, घडी होणाऱ्या पट्ट्यांचे) यांपैकी कोणते घ्यावे, आणि ते विमानातून नेणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद : दक्षिणवारा

तुम्ही म्हणता त्या दिवसांत उन्हाच्या बाबतीत या तिघांत कॅनरी बेटांना तोड नाही. ही बेटे स्पेनची असली तरी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, साधारण २८ अंश उत्तर अक्षांशावर आहेत, त्यामुळे ऐन हिवाळ्यातही किनाऱ्यावर दिवसाचे तापमान २० अंश सेल्सियसच्या आसपास असते. मात्र बेट निवडले की ऊन मिळालेच, असे समजू नका. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे तेनेरीफ आणि ग्रान कनारिया या बेटांच्या उंच डोंगरांना अडतात, ढग उत्तरेच्या उतारांवर साचतात आणि दक्षिणेचा किनारा कोरडा राहतो. उत्तरेला भुरभुर पाऊस लागलेला असताना त्याच बेटाच्या दक्षिणेला लख्ख ऊन पडलेले असू शकते. म्हणून मुक्काम दक्षिणेला ठेवावा. लान्सारोते हे बेट त्या मानाने बुटके आहे, तिथे पाऊस फारच कमी पडतो, पण वारा सायकलस्वाराची कसोटी पाहतो. तेनेरीफला तेइदे या ज्वालामुखीच्या बाजूने चढणार असाल, तर तो रस्ता २००० मीटरच्या वर जातो हे लक्षात ठेवून वारा अडवणारे जाकीट जवळ बाळगा. चढताना त्याची गरज वाटत नाही; खरी थंडी उतरताना वाजते.

मायोर्का हे स्पेनचेच भूमध्य समुद्रातले बेट सायकलसाठी फार सुंदर आहे आणि तिथली त्रामुंताना पर्वतरांग २०११पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आहे. पण फेब्रुवारीअखेर तिथे स्वेटरची हवा असते आणि पाऊस मध्येच गाठू शकतो. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर असा बेत असता, तर मी तिचेच नाव घेतले असते. सायप्रसला हिवाळा हाच पावसाचा ऋतू असतो आणि त्रोदोस डोंगरावर बर्फही पडते. शिवाय तिथली वाहतूक डाव्या बाजूने चालते, तर स्पेनमध्ये उजव्या बाजूने. तुम्हाला ज्या बाजूची सवय नाही, तिथले पहिले एक-दोन दिवस जपून चालवा, विशेषतः चौकात वळताना. व्हिसाचे नियमही दोन्हीकडे सारखे नाहीत, ते आपापल्या पासपोर्टनुसार आधी पाहून घ्या.

खर्चाचे म्हणाल, तर तारखा हातात असतील तिथे सर्वांत जास्त बचत होते. युरोपातल्या अनेक देशांत फेब्रुवारीत शाळांना छोटी सुट्टी असते आणि त्या आठवड्यांत दक्षिणेकडची विमाने भरून जातात. तेनेरीफच्या सांता क्रूझ आणि ग्रान कनारियाच्या लास पाल्मास या शहरांत कार्निव्हलही याच सुमारास येतो. तो ईस्टरबरोबर मागेपुढे सरकत असल्याने त्या वर्षीच्या तारखा पाहूनच खोली घ्या. आठवड्याच्या मधल्या वारी उडणे, समुद्राच्या थेट काठाऐवजी दोन गल्ल्या आत राहणे आणि स्वयंपाकघर असलेली खोली घेणे, एवढ्याने बराच फरक पडतो. सायकलीच्या भाड्यात मात्र हात आखडता घेऊ नका. योग्य मापाची सायकल आधी राखून ठेवा आणि राहण्याच्या ठिकाणी ती रात्री आत ठेवायला जागा आहे का, हे आरक्षण करण्यापूर्वी लेखी विचारा. सायकलस्वारांची वर्दळ असलेल्या भागांतल्या अनेक हॉटेलांत त्यासाठी कुलूपबंद खोली असते.

प्रतिसाद : जुनी_साखळी

वरच्या प्रतिसादातले शेवटचे वाक्य तुमच्या कुलपाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. कुलूप चोरी अशक्य करत नाही, ते चोराचा वेळ खाते. किती वेळ खायला हवा, हे सायकल कुठे आणि किती वेळ एकटी राहणार यावर ठरते. स्थानकाबाहेर दिवसभर उभी असलेली सायकल आणि वाटेत थोडी विश्रांती घेताना नजरेसमोर टेकवलेली सायकल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकाच कुलपात दोन्ही कामे बसवायला गेलात, तर स्थानकावर ते हलके पडेल आणि प्रवासात जड होईल. दोन कुलपे घ्या, असे मी आग्रहाने सांगेन.

आधी स्थानकाचे पाहू. केबल कितीही जाड दिसली तरी आत पोलादी तारांचा पीळ आणि वर प्लॅस्टिकचे आवरण असते. खिशात मावणाऱ्या कटरने ती क्षणात तुटते. साखळीत कडीची जाडी आणि पोलादाचा कडकपणा पाहायचा. बारीक कड्या बोल्ट कटरने तुटतात, १६ मिलिमीटरची कडक पोलादाची कडी मात्र हाताने चालवायच्या बोल्ट कटरला सहसा दाद देत नाही. पण अशी मीटरभर साखळी काही किलोंची होते, ती रोज खांद्यावर वागवण्यात अर्थ नाही. एकाच ठिकाणी कायम ठेवता येत असेल तरच ती घ्यावी. रोज ने-आण करण्यासाठी १३-१४ मिलिमीटर जाडीचे, आटोपशीर आकाराचे यू-लॉक मला सर्वांत पटते, कारण वजन दीड किलोच्या आसपास राहून ते बोल्ट कटरला बऱ्यापैकी पुरून उरते. दांडा दोन्ही टोकांना अडकणारा असावा. एकाच टोकाला अडकणारा दांडा एकदा कापला की पिळून बाहेर काढता येतो, दोन्हीकडे अडकणारा सहसा दोनदा कापावा लागतो.

अँगल ग्राइंडरपुढे (वेगाने फिरणाऱ्या चकतीने धातू कापणारे हातातले यंत्र) साध्या पोलादाचे कोणतेही कुलूप फार टिकत नाही. अलीकडे कापणारी चकतीच झिजवून टाकणाऱ्या मिश्र पदार्थांची यू-लॉक निघाली आहेत. ती महाग आणि बोजड आहेत, पण महागडी सायकल रोज त्याच जागी उभी राहत असेल तर त्यांचा विचार जरूर करावा.

वेष्टनावरचे आकडे पाहून फसू नका. आबस आणि क्रिप्टोनाइट या कुलपे बनवणाऱ्या कंपन्या अनुक्रमे १ ते १५ आणि १ ते १० अशी आपापली मोजपट्टी वापरतात आणि त्यांची एकमेकांशी तुलना होत नाही. त्याऐवजी स्वतंत्र चाचणीचा शिक्का पाहा. ब्रिटनमधल्या सोल्ड सिक्युअर या संस्थेच्या श्रेणी ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड आणि डायमंड अशा चढत्या आहेत, तर नेदरलँड्समधली एआरटी ही संस्था तारे देते. सायकलीचा विमा असेल, तर विमा कंपनीला कोणती श्रेणी चालते हे खरेदीच्या आधी वाचा. किल्लीचा प्रकारही महत्त्वाचा आहे. २००४ साली गोल नळीसारख्या किल्लीची काही नावाजलेली यू-लॉक बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या नळीने उघडतात, हे इंटरनेटवरच्या चित्रफितींतून जगजाहीर झाले आणि क्रिप्टोनाइटला ती कुलपे बदलून द्यावी लागली. तशा नळीदार किल्लीचे जुने कुलूप कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नका. चपट्या किल्लीचे, आत चकत्या असलेले घ्या.

आता लावण्याची पद्धत, कारण चांगले कुलूप वाईट लावले तर पैसे वाया जातात. आधी खांब हलवून पाहा. तो जमिनीतून उपटता येत नाही ना, त्याच्या वरच्या टोकावरून सायकल उचलून निघत नाही ना, स्टँडचे बोल्ट उघडे नाहीत ना, हे हात लावूनच कळते. मग सायकल खांबाला अगदी चिकटवून मागचे चाक, फ्रेमची नळी आणि खांब तिन्ही एकाच यू-लॉकमध्ये घ्या. दांडा रिमच्या आतून आऱ्यांमधून जाऊ द्या आणि कुलपाच्या आत जितकी कमी मोकळी जागा उरेल तितके चांगले, म्हणजे जॅक किंवा पहार घालायला वाव राहत नाही. किल्लीचे भोक जमिनीकडे असावे, पण कुलूप जमिनीला टेकू नये, कारण टेकले तर त्यावर हातोडा चालवणे सोपे जाते. अमेरिकेतले सायकलतज्ज्ञ शेल्डन ब्राऊन यांनी सांगितलेली एक पद्धत प्रसिद्ध आहे: फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत येणारा मागच्या चाकाच्या रिमचा भाग आणि खांब एवढेच छोट्या यू-लॉकमध्ये घेतले, तरी चाक त्या त्रिकोणातून बाहेर ओढता येत नसल्याने फ्रेमही आपोआप अडकते. पुढचे चाक खटक्याने निघणारे असेल, तर त्या जागी खास किल्लीने उघडणारा आस बसवून घ्या.

प्रतिसाद : घडीवाले

शेल्डन ब्राऊन यांच्या पद्धतीबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. ताणलेल्या आऱ्यांचे चाक कापणे सोपे नसते हे खरे, पण कापायला बसलेल्याला रिम कडक पोलादापेक्षा नरमच लागते आणि चाकाचा मोह नसलेला चोर ते नासवून फ्रेम नेऊ शकतो. जिथे यू-लॉकमध्ये फ्रेमची नळी बसते तिथे ती घ्यावीच, असे माझे मत आहे.

घडीच्या कुलपाला वरच्या प्रतिसादात जागाच मिळाली नाही, म्हणून लिहितो. त्याच्या पट्ट्या फ्रेमवरच्या छोट्या खोबणीत बसतात, खडखड होत नाही आणि जाड खांबाभोवती ते यू-लॉकपेक्षा सहज फिरते. पट्ट्या जोडणारे सांधे हा त्याचा कच्चा दुवा असतो, त्यामुळे बारीक पट्ट्यांची स्वस्त कुलपे टाळावीत. आमच्या घरी इलेक्ट्रिक सायकल आहे. तिच्या फ्रेमची नळी इतकी जाड आहे की छोट्या यू-लॉकमध्ये ती मावतच नाही आणि तिथे हेच कुलूप उपयोगी पडले. तेव्हा आपली नळी आणि खांब मोजूनच निर्णय घ्या.

प्रवासात जड कुलूप न्यावे असे मला मुळीच वाटत नाही. केबिन बॅगेच्या वजनाची मर्यादा काही विमान कंपन्यांत फार काटेकोर असते आणि दीड किलोचा पोलादी दांडा आत न्यायचा की नाही, हा शेवटी तपासणी अधिकाऱ्याचा निर्णय असतो. तो नको म्हणाला, तर कुलूप तिथेच सोडावे लागेल. सायकल देणाऱ्यालाच आधी पत्र लिहून यू-लॉक मागा. आणि भाड्याचा करार नीट वाचा: चोरी झाल्यास तुमच्यावर किती रकमेची जबाबदारी येते, सायकल रात्री बाहेर ठेवलेली चालते का, कुलपाची किल्ली दाखवावी लागते का. प्रवासविम्यात भाड्याने घेतलेली वस्तू धरलेली असतेच असे नाही, तेही विचारून घ्या.

पुन्हा : पायडलप्रेमी

सर्वांचे मनापासून आभार. ग्रान कनारियाच्या दक्षिणेला, सायकल आत ठेवता येईल अशा ठिकाणी राहायचे आता जवळपास ठरले आहे, आणि स्थानकासाठी यू-लॉक वेगळे घेणार आहे. दोन शंका उरल्या आहेत. तिथल्या सायकली कार्बन फ्रेमच्या आहेत. त्यांना कुलूप लावताना काही काळजी घ्यावी लागते का? आणि वाटेतल्या छोट्या थांब्यांसाठी बारीक कुलूप न्यायचेच झाले, तर ते किल्लीचे असावे की आकड्यांचे?

प्रतिसाद : जुनी_साखळी

कार्बनला भीती असते ती आपटण्याची आणि एकाच ठिकाणी येणाऱ्या दाबाची. यू-लॉक हातातून सुटून नळीवर आदळू देऊ नका, सायकल कुलपाच्या आधाराने लटकती ठेवू नका आणि फ्रेम खांबाला घासत असेल तर मध्ये जुना रुमाल घाला. प्लॅस्टिकचे आवरण असलेले कुलूप मागितलेत तर निम्मी काळजी मिटेल. सायकल ताब्यात घेताना दुकानातच सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या, म्हणजे आधीच असलेला ओरखडा तुमच्या नावावर जाणार नाही. पायडलच्या आसाखाली कोरलेला फ्रेमचा क्रमांकही त्याच वेळी टिपून ठेवा, पोलिसांत तक्रार द्यायची वेळ आली तर तो पहिल्यांदा विचारतात. घरच्या सायकलीचाही क्रमांक असाच नोंदवून ठेवा.

थांब्यासाठी आकड्यांचे हलके केबल कुलूप पुरे आहे, कारण सायकल नजरेआड जाणारच नाही. कोणी उचलून चालू पडू नये एवढेच त्याचे काम, आणि दोघांना मिळून एक किल्ली सांभाळण्याचा व्याप राहत नाही. स्वस्त आकडेवाल्या कुलपांत आकड्यांची चाके ओढून-फिरवून चाचपत आकडा काढता येतो, म्हणून त्याच्यावर सायकल सोडून फिरायला जाऊ नका. समुद्राची खारी हवा आणि वाळू आत गेली की ही चाके अडकतात; निघण्यापूर्वी कोरडे वंगण घाला, तेल नको, त्याला वाळू चिकटते. स्थानकाच्या यू-लॉकसोबत दोन किंवा तीन किल्ल्या आणि बहुधा किल्लीचा क्रमांक असलेले कार्ड मिळेल. तो क्रमांक घरी लिहून ठेवा, कारण बऱ्याच कंपन्या त्यावरूनच नवी किल्ली करून देतात, आणि जादा किल्ल्याही सगळ्या जपून ठेवा, कारण काही विमा कंपन्या दावा करताना त्या दाखवायला सांगतात.