प्रथिनाचा लाल-निळा पृष्ठभाग: पट्टी नसेल तर चित्र छापू नये

खारेपाणी:
परिषदांतल्या पोस्टरांवर लाल-निळी प्रथिनं सर्रास दिसतात. लाल म्हणजे पृष्ठभागावरचं ऋण विद्युत विभव, निळा म्हणजे धन, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पूर्ण लाल रंग किती विभवाला चढतो हे सांगणारी रंगपट्टीच अनेकदा नसते. मर्यादा ±५ वरून ±१ वर आणा, फिकट गुलाबी प्रथिन लालभडक होतं.

दुसरं, पायमॉल या रेणूंची चित्रं काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधला झटपट पर्याय, 'प्रोटीन कॉन्टॅक्ट पोटेन्शिअल'. क्लिक केलं की रंग हजर, पण त्या हिशेबात भोवतीचं पाणी नाही, मीठही नाही. एपीबीएस हे सॉफ्टवेअर पाणी-मीठ हिशेबात घेऊन विभव काढणारं पॉइसन-बोल्ट्झमन समीकरण सोडवतं, पाण्याचा परावैद्युतांक (माध्यम प्रभारांमधलं बल किती पट कमी करतं तो आकडा) सुमारे ७८ आणि प्रथिनाच्या आतला २ ते ४ धरून. माझं मत स्पष्ट आहे: झटपट चित्र प्रबंधात येता कामा नये.

नीलांबरी:
पट्टीबद्दल सहमत, बंदीबद्दल अजिबात नाही. पीसीएनए घ्या, डीएनएची नक्कल होताना लागणारं प्रथिन. तीन एककांचं कडं, मधल्या छिद्रातून डीएनए जातो. एकूण प्रथिन ऋणप्रभारित, पण छिद्राची आतली भिंत लायसिन-आर्जिनिन या धनप्रभारित अमिनो आम्लांमुळे निळी. झटपट पर्यायातही ते लगेच दिसतं. विद्यार्थ्याला प्रश्न सुचायला तेवढं पुरेसं आहे, आणि चित्राखाली 'गुणात्मक' लिहिलं की फसवणूक कुठे होते?

खारेपाणी:
पीसीएनए सोपं उदाहरण आहे, तिथे प्रभार भरपूर आहेत. सक्रिय जागेत, म्हणजे जिथे एन्झाइमची रासायनिक क्रिया घडते तिथे, हिस्टिडिन हे अमिनो आम्ल असलं की काय कराल? त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर प्रोटॉन असतो तो) ६ च्या जवळपास, म्हणजे पीएच ७ ला तो बहुधा उदासीन. पण शेजार बदलला की पीकेएही सरकतो. प्रोटॉन कुठे आहे हे आधी ठरवल्याशिवाय तिथला रंग हा निव्वळ अंदाज. आणि 'गुणात्मक' हा शब्द वाचतं कोण? चित्रच लक्षात राहतं.

ट्रिप्टोफॅन८४:
तुम्ही दोघंही प्रभारातच अडकलात. अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज (अ‍ॅसिटिलकोलिन हा चेतासंदेशवाहक तोडणारं एन्झाइम) घ्या. त्याची रचना १९९१ मध्ये टॉर्पेडो माशाच्या एन्झाइमवरून मिळाली. सुमारे २० अँगस्ट्रॉम खोल घळ, तळाशी सक्रिय जागा. अ‍ॅसिटिलकोलिन धनप्रभारित, म्हणून त्याला धरणारी जागा ठळक ऋणप्रभारित असणार अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात घळीत १४ अ‍ॅरोमॅटिक (वलयधारी) अमिनो आम्लं निघाली, आणि कोलिनचा धन भाग मुख्यतः ट्रिप्टोफॅन ८४ च्या (साखळीतल्या ८४ व्या अमिनो आम्लाच्या) वलयाशी बांधला जातो. त्या वलयावर निव्वळ प्रभार शून्य. एपीबीएस कितीही काळजीपूर्वक चालवा, घळ लाल दिसेल, पण पकड कोणाची हे त्या रंगातून कळणार नाही. माझ्या मते एकाच प्रथिनाची दोन चित्रं शेजारी ठेवावीत, एक विभवाचं, एक जलविरोधी भागांचं.

नीलांबरी:
हे पटलं. पण ती लाल घळ बिनकामाची नाही, धनप्रभारित रेणूला आत ओढायला तीच मदत करते.

ट्रिप्टोफॅन८४:
हो, ओढण्यापुरतं तुमचं बरोबर.

खारेपाणी:
दोन चित्रं म्हणजे दोन पट्ट्या, त्या मात्र हव्यातच. प्रथिनाची रचना भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्डच्या मॉडेलात गडद निळा म्हणजे ९० च्या वरचा विश्वासांक. तेच मॉडेल विभवाच्या चित्राशेजारी बिनपट्टीचं ठेवलं, तर वाचणारा कोणता निळा कशाचा समजणार? झटपट पर्यायाला प्रबंधात माझा विरोध कायम आहे. प्रयोगशाळेत बघायला वापरा, हरकत नाही.

नीलांबरी:
माझे विद्यार्थी तो प्रबंधातही वापरतील, पट्टी आणि पद्धत लिहून.