पायात बूट आणि हातात स्टिअरिंग : तुमचे अनुभव सांगा

पारिजात
काल शेजारचा मुलगा पार्किंगमध्ये दिसला. उजव्या पायात गुडघ्यापर्यंतचा तो काळा वॉकर बूट, हाड मोडल्यावर प्लास्टरऐवजी घालतात तो. कुबडी मागच्या सीटवर टाकून तो ड्रायव्हरच्या जागी बसायला लागला. मी गॅलरीतून ओरडलेच, "थांब रे!" बिचारा दचकला.

मग रात्रभर २०१८चा पावसाळा आठवत राहिला. बसमधून उतरताना उजवा पाय मुरगळला आणि करंगळीच्या बाजूचं हाड मोडलं. बूट सहा आठवडे. चौथ्या आठवड्यात लेकीला १०३ ताप, नवरा नाशिकला, पावसात रिक्षा मिळेना. बूट काढला, चप्पल घातली, निघाले. सिंहगड रोडला राजाराम पुलाच्या चौकात एक सायकलवाला मुलगा अचानक आडवा आला. पाय ब्रेकवरच होता, पण जोर लावायच्या क्षणी पायानं कच खाल्ली. हँडब्रेक ओढला. हातभर अंतरावर गाडी थांबली. तो मुलगा वळूनही न बघता निघून गेला. त्याला काही कळलंच नाही. माझ्या मात्र आजही अंगावर काटा येतो.

तुमच्यापैकी कुणी बूट असताना गाडी चालवली आहे का? लिहा प्लीज, त्या मुलाला वाचायला देणार आहे.

वाटसरू
माझा डावा घोटा होता. बूट इतका रुंद की क्लच दाबायला गेलं की कड ब्रेकला लागायची. पार्किंगमध्येच कळलं, तिथूनच परत फिरलो. डॉक्टरांना विचारून दोन महिने भावाची ऑटोमॅटिक वापरली. डावा पाय नुसता बाजूला ठेवायचा.

केवडा
ताई, लेकीचा ताप उतरला का ते सांगितलंच नाही!

पारिजात
उतरला गं, दोन दिवसांत. डेंग्यू नव्हता.

तळपाय
मी फिजिओथेरपिस्ट आहे. बूट निघाला की लोक लगेच किल्ली उचलतात, ते नका करू. घोट्याचं ऑपरेशन झालेल्यांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, २००३ साली छापून आला. ब्रेक मारायचा वेळ पूर्ववत व्हायला ऑपरेशननंतर सुमारे ९ आठवडे लागले होते. ताशी ६०च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर दोन गाड्यांची लांबी गेली. मी पेशंटना सांगते, आधी बंद गाडीत बसून ब्रेक सगळ्या ताकदीनं दाबून बघा. पाय जरा जरी कचरला तर अजून वेळ आहे. आणि डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत नाहीच.

रंकाळा
स्कूटरवाल्यांनी पण वाचा. मला वाटलं अ‍ॅक्टिव्हाचे दोन्ही ब्रेक हातात, पायाचं काय काम? सिग्नलला पाय टेकावा लागतो की! ओल्या रस्त्यावर बूट सरकला, गाडी त्याच पायावर. आणखी तीन आठवडे घरात. आईनं सगळं केलं माझं, तिच्या गुडघेदुखीसकट.

टेम्पोवाला
तुमचं सगळं बरोबर आहे. पण माझी गाडी उभी राहिली की हप्ता थांबत नाही. डाव्या पायाचं हाड मोडलं होतं, २० दिवसांत क्लचवर बसलो. नाशिकहून वाशी मार्केटला माल वेळेत पोचवायचा असतो. कसारा घाटात क्लच दाबून दाबून डोळ्यांत पाणी यायचं. हाड वाकडंच जुळलं. आता थंडी पडली की ठणकतं. त्या पोराला सांगा, घरी बसायची सोय असेल तर बस बाबा.

केवडा
दादा, वाचून गलबललं. काळजी घ्या.

तळपाय
टेम्पोवालादादा, अजूनही दाखवून घ्या. सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या ओपीडीत गेलात तरी चालेल. व्यायामानं दुखणं बरंच कमी होऊ शकतं.

थेम्सकाठ
इथे यूकेत तीन महिन्यांहून जास्त काळ गाडी चालवता येणार नसेल तर डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या लायसन्सच्या सरकारी खात्याला, कळवावं लागतं. मी विमा कंपनीलाही आधी फोन केला. पुण्यात २०१४ मध्ये पाय मोडला तेव्हा यातलं काहीच डोक्यात आलं नव्हतं.

मोगरा
गाडी नाही चालवली, पण बुटाबद्दल सांगते. तो उंच असतो, त्यामुळे कंबर धरते. दुसऱ्या पायात जाड तळव्याची चप्पल घाला. पावसात बाहेर पडायचं तर तांदळाची पाच किलोची रिकामी पिशवी वरून चढवायची आणि रबर लावायचं. आणि अळिवाचे लाडू खा. माझ्या सासूबाई रोज एक हातावर ठेवायच्या.

रंकाळा
अळीव पाण्यात भिजवायचे का?

मोगरा
नारळाच्या पाण्यात. दोन तास तरी. मग ओलं खोबरं आणि गूळ घालून आटवायचं.

पारिजात
सगळं वाचून दाखवलं त्याला. टेम्पोवालादादांचं दोनदा वाचलं त्यानं. किल्ली आईकडे दिली आहे. उद्यापासून क्लासला मी सोडतेय, साडेसातला निघायचंय.

केवडा
मोगरा, गूळ किती?

मोगरा
खोबऱ्याच्या निम्मा. जायफळ विसरू नकोस.