ट्रेलरमध्ये आपली माय दाखवायची अन् पिक्चर दुसऱ्याचाच: हे चालवून घ्यायचं का?

पऱ्हाटी (आर्णी, जि. यवतमाळ)
दिवाळीआधी एका मराठी पिक्चरचं ट्रेलर आमच्या गावात मोबाईलमोबाईलवर फिरलं. नाव लिहीत नाही, कारण तक्रार एकट्या त्या पिक्चरची नाही. सव्वादोन मिनिटांचं ट्रेलर. सुरुवातीला काळ्या पडद्यावर 'सत्य घटनेवर आधारित', मग पुरस्कारांची चिन्हं. आणि मग वेचणी. एक बाई वेचलेला कापूस टाकायला कमरेला कापडाची ओटी बांधते, कापूस ओढताना बोंडाचं टोक तिच्या बोटात घुसतं, ती बोट क्षणभर तोंडात धरते आणि लगेच पुढच्या बोंडाला हात घालते. संगीत तिथे बंद. नुसता श्वास ऐकू येतो.

आईने ते तीनदा लावायला सांगितलं. "हे आपलीच गोठ हाये," म्हणाली. पुरस्कार तिला वाचताही आले नाहीत. तिने विश्वास ठेवला तो ओटीवर. एरवी पिक्चरवाले वेचणाऱ्या बाईच्या हातात टोपली देतात.

चाळीसेक किलोमीटरवर यवतमाळला गेलो. वेचणीचा दिवस बुडाला, तिघांची तिकिटं, एसटीचं भाडं. ती बाई पहिल्या दहा मिनिटांत दिसली आणि संपली. पुढचे दोन तास तिच्या पोराचं मुंबईतलं प्रेमप्रकरण. परतताना आईने एवढंच विचारलं, "त्या बाईचं काय झालं मंग?"

ट्रेलर भुरळ घालणारच, ते मान्य. पण आमच्या जगण्याचा खरेपणा आमिष म्हणून वापरणं मला चुकीचं वाटतं.

वैनगंगाकाठ
भाऊ, राग समजतो, पण पटत नाही. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा अन् शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसाच्या नाटक कंपन्यांची जाहिरात गाडीवरच्या भोंग्यातून गावोगाव फिरते. 'मायेचा हंबरडा ऐकून दगडालाही पाझर फुटेल' असं भोंगा ओरडतो. दगडाला पाझर फुटला नाही म्हणून कोणी पैसे परत मागत नाही. बोलावणाऱ्याने गोड बोलावं, जाणाऱ्याने विचार करून जावं. रात्रभर नाटक पाहून पहाटे घरी येणारा माणूस हे जाणतो.

पऱ्हाटी
दादा, तुमचंच उदाहरण घ्या. नाटक बोलावणारं मंडळ गावातलं असतं. नाटक पडलं तर दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर त्या पोरांना लोक जाब विचारतात. पिक्चरवाल्याला मी कुठे गाठू?

काळा कोट
ग्राहक मंच सुचवण्याआधी हे वाचा. 'फॅन' (२०१६) या हिंदी चित्रपटाच्या जाहिरातीत एक गाणं होतं, ते चित्रपटात नव्हतं. औरंगाबादच्या एका शिक्षिकेने तक्रार केली. जिल्हा मंचाने ती फेटाळली, राज्य आयोगाने १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च मंजूर केला, राष्ट्रीय आयोगाने तो कायम ठेवला. पण एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. ट्रेलर हा प्रेक्षकाशी केलेला करार किंवा वचन नाही, तो तिकीट घ्यायला उद्युक्त करण्यासाठी असतो, असं न्यायालयाचं म्हणणं. माझ्या मते निकाल बरोबर आहे. दोन मिनिटांच्या प्रत्येक दृश्याला वचन मानलं तर कोणीच ट्रेलर काढणार नाही.

मास्तर
अ‍ॅरिस्टॉटलने मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. ट्रेलरमध्ये युक्तिवाद जवळजवळ नसतोच. 'सत्य घटना' आणि पुरस्कार ही पत, बोट चोखणारी बाई ही भावना. पण आर्णीच्या आईच्या बाबतीत उलटं झालं. तिच्यासाठी ओटी हीच पत. ज्याने एवढं बारकाईने पाहिलं तो आपल्याबद्दलच बोलणार, असं तिने मानलं. त्यामुळे न्यायालयाचा निकाल मान्य करूनही मी पऱ्हाटींच्या बाजूने आहे. बेकायदा नसलेली गोष्टही दुखावते.

एडिट टेबल (नागपूर)
मी लहान चित्रपटांची ट्रेलरं कापतो, म्हणून आतलं सांगतो. सगळ्यात जोरदार शॉट कुठूनही उचलतात. एका प्रसंगातला संवाद दुसऱ्याच चेहऱ्यावर चढवतात. संगीत बऱ्याचदा चित्रपटातलं नसतंच. आणि निम्मी गोष्ट दडवावीच लागते. सगळं सांगितलं तर 'ट्रेलरमध्येच पिक्चर संपला' म्हणून तुम्हीच ओरडता. संगीत कापून श्वास ठेवणं ही कारागिरी आहे, त्याला फसवणूक म्हणू नका. मोठा स्टार नसलेल्या पिक्चरला पहिल्या शुक्रवारी माणसं आणायची तर दुसरं आहे काय आमच्याकडे?

पऱ्हाटी
दडवा ना, शेवट दडवा. पण कोणाची गोष्ट आहे ते तरी दडवू नका. पोराची गोष्ट होती तर पोराच्या चेहऱ्यावर ट्रेलर उघडायचं होतं. आम्ही कदाचित तरीही गेलो असतो.

वैनगंगाकाठ
इथं मी थोडा मागं येतो. भोंगा कितीही ओरडला तरी नाटक कोणाचं ते खरंच सांगतो. मायेचं म्हटलं तर शेवटच्या अंकापर्यंत माय असते.

एडिट टेबल
माझा मुद्दा मी सोडत नाही. पण तो श्वासाचा शॉट मी कापला असता तर मीही तो पहिल्या अर्ध्या मिनिटातच लावला असता. आईला सांगा, त्या बाईचं पुढे काय झालं ते लिहिलेलंच नव्हतं.